पुरलेला मका, भाजलेला टर्की: थँक्सगिव्हिंगच्या ताटाचा इतिहास

१/ नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अमेरिकेत या दिवशी कचेऱ्या बंद असतात, विमानतळ ओसंडून वाहतात आणि घरोघरी सकाळपासून ओव्हन तापलेला असतो. आत सहा-सात किलोंचा एक टर्की पक्षी भाजला जात असतो. सोबतीला क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी, कुस्करलेला बटाटा, रताळे, पावाचे सारण आणि शेवटी लाल भोपळ्याची पाई. हाच थँक्सगिव्हिंग, म्हणजे कृतज्ञतेचा सण. हा धागा त्या ताटाविषयी आहे: त्यातले पदार्थ कुठून आले, ते तिथे कोणी वाढले आणि त्या पंगतीतून कोणाला उठवले गेले.

२/ अमेरिकी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली कथा अशी: धर्मस्वातंत्र्याच्या शोधात निघालेले इंग्रज यात्रेकरू, म्हणजे 'पिल्ग्रिम', १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजाने आले. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे दगावले. मग स्थानिक 'इंडियनां'नी त्यांना मका पेरायला शिकवले, पीक उत्तम आले आणि १६२१ च्या शरदात दोघे एका मेजावर जेवले. तीच म्हणे पहिली थँक्सगिव्हिंग. या कथेतील जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे खरे आहे. पूर्ण खोट्या कथेपेक्षा अशी कथा अधिक टिकते.

३/ त्या भोजनाचे समकालीन प्रत्यक्षदर्शी वर्णन एकच आहे. प्लिमथ वसाहतीतील एडवर्ड विन्स्लो याने डिसेंबर १६२१ मध्ये इंग्लंडला पत्र पाठवले. ते पुढच्या वर्षी लंडनमध्ये छापले गेले. त्यातील जेमतेम एका परिच्छेदात तो सांगतो: पीक हाती आल्यावर गव्हर्नरने चार माणसांना पक्षी मारायला धाडले आणि त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरेल इतकी शिकार आणली. बंदुकींचे नेमही धरले गेले. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद पुरुषांसह आला, तीन दिवस पाहुणचार झाला. पाहुण्यांनी जाऊन पाच हरणे मारून आणली.

४/ या परिच्छेदात काय नाही, तेही पाहावे. 'थँक्सगिव्हिंग' हा शब्द नाही. टर्कीचे नाव नाही. नुसते 'पक्षी' आहेत, आणि त्या किनाऱ्यावर शरदात बदके व हंस मुबलक असत. (गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने त्या मोसमात रानटी टर्की भरपूर मिळत असल्याचे लिहिले आहे, पण या भोजनाच्या संदर्भात नव्हे.) मॅसासॉइटला निमंत्रण दिल्याचाही उल्लेख नाही. यजमान इंग्रज पन्नासच्या आसपास उरले होते. पाहुणे त्यांच्या जवळजवळ दुप्पट होते.

५/ शिवाय, पिल्ग्रिमांच्या भाषेत 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे मेजवानी नव्हतीच. ईश्वराने एखादे संकट टाळले की जाहीर केला जाणारा तो प्रार्थनेचा दिवस असे. तास न्‌ तास प्रवचन, स्तोत्रे, गंभीर मुद्रा. नेमबाजी आणि तीन दिवसांची खादाडी त्यात बसत नव्हती. १६२१ मध्ये जे झाले, ते इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत चाले तसे सुगीचे जेवण होते. आपल्याकडच्या नवान्नाशी त्याचे नाते चर्चमधील प्रार्थनेपेक्षा जवळचे.

६/ आता त्या सुगीकडे वळू. वीस एकर मका आणि सहाएक एकर बार्ली व वाटाणा, असा हिशोब विन्स्लोच देतो. बार्ली बरी आली. वाटाणा करपला. म्हणजे इंग्लंडहून आणलेल्या बियाण्याने फारशी साथ दिली नाही. वसाहत तगली ती मक्यावर. मग हे मक्याचे बियाणे आले कोठून?

७/ नोव्हेंबर १६२० मध्ये मेफ्लॉवर केप कॉडच्या टोकाशी नांगरले. किनाऱ्यावर शोध घेणाऱ्या तुकडीला वाळूचे ताजे ढिगारे दिसले. उकरल्यावर आत टोपल्या निघाल्या, आणि टोपल्यांत मक्याची कणसे: पिवळी, तांबडी, काही निळसर. स्थानिक कुटुंबांनी हिवाळ्यासाठी आणि पुढच्या पेरणीसाठी पेवात पुरून ठेवलेले ते धान्य होते. इंग्रजांनी ते नेले, आणि पुन्हा येऊन आणखी नेले. एक कबर उघडून तिच्यातील काही वस्तूही उचलल्या. हे आरोप नव्हेत. त्यांनी स्वतःच ते छापले आहे. मालक भेटले की भरपाई करू, असेही लिहिले, आणि पुढच्या वर्षी ती केलीही. परंतु ज्या घरचे पेव थंडीच्या तोंडावर रिकामे झाले, तेथे तो हिवाळा कसा गेला असेल, याचे वर्णन कोणत्याही छापील पुस्तकात नाही.

८/ वसाहतीची जागाही रिकामी नव्हती. ती रिकामी झालेली होती. तेथे पटुक्सेट नावाचे वाम्पानोआगांचे गाव होते. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने हा किनारा अक्षरशः निर्मनुष्य केला. पिल्ग्रिमांना नांगरटीयोग्य, झाडे तोडून साफ केलेली जमीन आयती मिळाली आणि त्यांनी ती ईश्वराची कृपा मानली. कवट्या आणि हाडे उघड्यावर पडलेली होती, अशी नोंद त्याच पिढीतील लेखनात आहे.

९/ त्या गावचा एक माणूस मात्र जिवंत होता. टिस्क्वांटम. शालेय पुस्तकांतला 'स्क्वांटो'. १६१४ मध्ये टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला वीसेक जणांसह पळवून स्पेनमध्ये मालागा येथे विकायला नेले. तेथून तो कसाबसा इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तो गाव संपलेले. पुढच्या वर्षी त्याच जागेवर इंग्रज घरे बांधू लागले. मक्याच्या दाण्यांबरोबर मासे पुरून जमीन कशी कसावी, हे त्याने या लोकांना शिकवले. शाळेच्या नाटकात तो हसतमुख मदतनीस असतो. प्रत्यक्षात तो आपल्या मृत गावाच्या मातीत परक्यांना पेरणी दाखवत होता.

१०/ आणि मॅसासॉइटने मैत्री का केली? मॅसासॉइट हे पद. त्याचे नाव ऊसामेक्विन. साथीने त्याची माणसे मेली होती, पण पश्चिमेकडील बलाढ्य शेजारी नॅरागान्सेट यांना तिची झळ लागली नव्हती. बंदुका बाळगणारे पन्नास परके हा त्याच्या दृष्टीने राजकीय आधार होता. मार्च १६२१ मध्ये त्याने त्यांच्याशी परस्पररक्षणाचा करार केला. सतराव्या शतकातील दख्खनचे राजकारण वाचणाऱ्याला यात काही नवल वाटू नये: दुबळा झालेला सत्ताधीश नव्या लष्करी शक्तीला जवळ करतो, तेव्हा त्यामागे भाबडेपणा नसतो, हिशोब असतो.

११/ त्या तीन दिवसांचा स्वयंपाक कोणी केला? पहिल्या हिवाळ्यात बायका सर्वाधिक मेल्या. शरदापर्यंत प्रौढ स्त्रिया उरल्या होत्या चार. त्यांच्या हाताखाली काही मुली आणि नोकर. एवढ्यांनी दीडशेच्या घरातील माणसांचे रांधायचे. बराचसा स्वयंपाक उघड्यावर, लोखंडी हंड्यांत आणि विस्तवावर फिरवायच्या सळयांवर झाला असणार. गव्हाचे पीठ आणि लोणी यांची वानवा, त्यामुळे पाई अशक्य. साखर जवळजवळ नाही, म्हणून क्रॅनबेरीची गोड चटणी नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. तो न्यू इंग्लंडमध्ये अजून पोहोचलाच नव्हता. होते ते मक्याच्या कण्यांची दाट पेज, भोपळ्याचे तुकडे, मासे, शिंपले, पक्षी आणि ती पाच हरणे. वाम्पानोआगांसाठी मका, घेवडा आणि भोपळा ही एकत्र पेरायची त्रयी होती: मक्याच्या ताटावर वेल चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात. यजमानांचे ताट बरेचसे पाहुण्यांच्याच शेतीशास्त्रातून भरलेले होते.

१२/ ही मैत्री एका आयुष्यापुरती टिकली. ऊसामेक्विन वारला, इंग्रजांची वस्ती आणि गुरे वाढत गेली, जमिनी आक्रसल्या. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, ऊसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम याने शस्त्र उचलले. इंग्रज त्याला 'किंग फिलिप' म्हणत. लोकसंख्येच्या मानाने अमेरिकी भूमीवरील हे सर्वांत भीषण युद्धांपैकी एक ठरले. ऑगस्ट १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला. प्लिमथने थँक्सगिव्हिंगचा दिवस जाहीर केला होता. त्या दिवशीची प्रार्थना आटोपते न आटोपते तोच त्याचे शिर गावात आणले गेले. ते खांबावर खोचून वर्षानुवर्षे ठेवण्यात आले. त्याच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकले. पंचावन्न वर्षांपूर्वी ज्या गावात बाप जेवला, त्याच गावात हे घडले.

१३/ आणि ते १६२१ चे जेवण? ते चक्क विसरले गेले. ब्रॅडफर्डचे हस्तलिखित अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत गहाळ झाले आणि १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले. विन्स्लोचे पत्र दुर्मीळ झाले होते. १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाने जुने कागद संपादित करून छापले आणि त्या परिच्छेदाखाली एक तळटीप जोडली: हीच न्यू इंग्लंडची पहिली थँक्सगिव्हिंग. तोवर दोनशे वीस वर्षे उलटली होती. एका राष्ट्राची उत्पत्तिकथा तळटिपेतून निघाली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तळटिपांकडे दुर्लक्ष न करण्याचे सबळ कारण मानावे.

१४/ सण मात्र तोवर न्यू इंग्लंडमध्ये रुजला होता, पिल्ग्रिमांच्या आठवणीशिवाय. प्युरिटन मंडळी नाताळ मानत नसत. त्यामुळे शरदातील प्रार्थनेचा दिवस हळूहळू घरचा सण बनला. सकाळी चर्च, दुपारी आजोबांच्या घरी जेवण. तयारी आठवडाभर आधी सुरू होई. मनुकांच्या बिया काढायच्या, दालचिनी-जायफळ कुटायचे, भोपळा शिजवून गाळायचा. विटांची भट्टी लाकडांनी तापवायची, निखारे ओढून काढायचे, आत हात घालून धग अजमावायची आणि मग पाया डझनांनी भाजायच्या. घरातील सर्वांत थंड खोलीत त्या गोठवून ठेवल्या की कित्येक आठवडे पुरत. हॅरिएट बीचर स्टो हिने १८६९ च्या 'ओल्डटाउन फोक्स' या कादंबरीत हा सारा खटाटोप मोठ्या जिव्हाळ्याने रंगवला आहे.

१५/ पक्षी टर्कीच का? कारण व्यवहारी आहे. गाय दूध देते, कोंबडी अंडी देते. टर्की वर्षभर दुसरे काहीच देत नाही. वसंतात अंड्यातून निघालेले पिल्लू नोव्हेंबरपर्यंत भरते आणि एकच पक्षी अख्ख्या कुटुंबाला पुरतो. व्हरमाँटहून बॉस्टनच्या बाजाराकडे टर्कींचे थवेच्या थवे गुरांसारखे पायी हाकत नेत.

१६/ टर्कीच्या नावाची गंमत येथेच सांगावी. पक्षी मूळचा अमेरिकेचा, माणसाळवला मेक्सिकोत. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी 'हिंदुस्थानचा' म्हणून 'दँद', डचांनी कालिकतवरून 'काल्कून', पोर्तुगिजांनी 'पेरू'; आणि खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. भूगोलाचा असा सामुदायिक पराभव विरळाच. पुढे इंग्रज वसाहतवाल्यांनी हा माणसाळलेला पक्षी जहाजातून पुन्हा अमेरिकेत नेला.

१७/ आणि हो, प्लिमथच्या त्या जेवणाच्या नऊ वर्षे आधी टर्की हिंदुस्थानात पोहोचलेला होता, तोही आपल्या गोव्यामार्गे. जहांगीर बादशहाने मुकर्रब खानाला नवलाईच्या वस्तू खरेदी करण्यासाठी गोव्याला पाठवले होते. १६१२ मध्ये तो परतला, तेव्हा सोबत आणलेल्या प्राण्यापक्ष्यांत एक टर्की होता. माजावर आला की त्याच्या मानेची झालर लाल होते, मग रंग बदलते, याचे जहांगिराने आत्मचरित्रात मनापासून वर्णन केले. दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगिराला तो पाहावासा वाटला. भाजावासा वाटल्याची नोंद नाही.

१८/ स्वतंत्र अमेरिकेत टर्की आणि क्रॅनबेरी यांची जोडी छापील स्वरूपात दिसते ती १७९६ मध्ये. अमेलिया सिमन्स हिचे 'अमेरिकन कुकरी' त्या वर्षी हार्टफर्डला निघाले. अमेरिकी व्यक्तीने लिहून तेथेच छापलेले हे पहिले पाकपुस्तक. त्यात सारण भरून भाजलेला टर्की क्रॅनबेरीच्या चटणीसह वाढावा, असे आहे. भोपळ्याची आजच्या पाईसारखी पाईही आहे. लेखिका स्वतःला 'अमेरिकी अनाथ' म्हणवते. राजवाड्यांतील बल्लवांनी लिहिलेल्या युरोपीय ग्रंथांच्या रांगेत हे पुस्तक ठेवून पाहावे.

१९/ पण पाईतला गोडवा कोणाचा होता? न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरात साखरेऐवजी बहुधा मळी वापरली जाई: उसाच्या रसापासून साखर वेगळी केल्यावर उरणारी काळी, दाट काकवी. ती कॅरिबियन बेटांवरून येई, आणि त्या बेटांवरचा ऊस गुलाम आफ्रिकी माणसे तोडत. ज्या उत्तरेकडील घरांत गुलामगिरीविरुद्ध प्रवचने चालत, त्याच घरांतील सणाची पाई गुलामांच्या श्रमाने गोड होई. काही विरोधकांनी हे ओळखून गुलामांनी पिकवलेली साखर घरात न आणण्याचे व्रत घेतले. बहुतेकांनी घेतले नाही.

२०/ आता या साऱ्या कथेतील खरी सूत्रधार. सारा जोसेफा हेल. जन्म १७८८, न्यू हँपशर. १८२२ मध्ये पती वारला, पदरी पाच मुले. पोटासाठी तिने लेखणी धरली. १८२७ मध्ये तिची 'नॉर्थवूड' ही कादंबरी आली. तिच्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. मेजाच्या अग्रभागी सारण भरलेला टर्की, मग बाकीची मांसे, कोंबडीची पाई, लोणची, पुडिंगे आणि मानाच्या जागी भोपळ्याची पाई. आजचे ताट बहुतांशी तेथे वाढलेले दिसते. 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' ही बालकविताही याच बाईची.

२१/ १८३७ पासून चाळीस वर्षे ती 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाची संपादिका होती. १८६० च्या सुमारास त्याचा खप दीड लाखाच्या घरात होता. त्या काळच्या अमेरिकेत ही संख्या प्रचंड. दर नोव्हेंबरला पाककृती, कथा आणि संपादकीय यांतून तिने एकच मागणी लावून धरली: सर्व राज्यांनी एकाच दिवशी हा सण पाळावा. राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे, राष्ट्राध्यक्षांना पत्रे, वर्षानुवर्षे. मतदानाचा अधिकार नसलेल्या बाईने स्वयंपाकघराच्या वाटेने राष्ट्रीय धोरण घडवले. तिने हे जाणूनबुजून केले, याविषयी तिची संपादकीये शंका ठेवत नाहीत.

२२/ एवढे मोठे कार्य म्हणून तिला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. गुलामगिरी तिला अमान्य होती, पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी आफ्रिकेत लायबेरियाला जावे, असे ती म्हणे. तिच्या आदर्श मेजावर त्यांना जागा नव्हती. आणि तिच्या मते देशाला जोडणारा हा सण दक्षिणेला जोडणारा वाटलाच नाही. गुलामगिरीविरोधी उपदेशकांचा 'यांकी' सण, अशी तिकडे भावना होती. १८५६ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर हेन्री वाइज याने तो जाहीर करायला तुच्छतेने नकार दिला.

२३/ मग यादवी युद्ध पेटले. २८ सप्टेंबर १८६३ रोजी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या हेलने अब्राहम लिंकनला पत्र लिहिले. ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. मसुदा परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड याचा. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर कृतज्ञतेचा दिवस. गेटिसबर्गची लढाई होऊन तीनच महिने झाले होते. जाहीरनाम्यात पीकपाणी आहे, विधवा आणि अनाथ आहेत, राष्ट्राची जखम भरून येवो ही प्रार्थना आहे. पिल्ग्रिम नाहीत. इंडियन नाहीत. १६२१ नाही.

२४/ ते आले नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली, पोलंड, रशिया येथून लाखो स्थलांतरित येऊ लागले. त्यांच्या मुलांना 'अमेरिकी' करण्याची जबाबदारी शाळांवर पडली, आणि निर्वासितांनी नव्या भूमीत अन्न व मैत्री मिळवल्याची कथा त्यासाठी फारच सोयीची होती. याच काळात पश्चिमेत मूलनिवासींशी चाललेली युद्धे संपली होती. पराभूत शत्रूला आता कागदी पिसे लावून शाळेच्या रंगमंचावर बोलावता येत होते. १९१४ मधील जेनी ब्राउन्सकोम हिचे 'पहिल्या थँक्सगिव्हिंग'चे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात वाम्पानोआगांच्या डोक्यावर शेकडो मैल दूरच्या गवताळ प्रदेशातील जमातींचे शिरोभूषण आहे, आणि मागे प्लिमथमध्ये कधीच नसलेली ओंडक्यांची झोपडी.

२५/ विसाव्या शतकाने सणाला दुकान जोडले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने मिरवणूक सुरू केली. १९३९ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील, अशी व्यापाऱ्यांची तक्रार. रूझवेल्टने सण आठवडाभर आधी ओढला. संताप झाला, साधारण निम्म्या राज्यांनी नवी तारीख मानली, उरलेल्यांनी जुनी, आणि टेक्ससने दोन्ही! अखेर १९४१ मध्ये काँग्रेसने कायदा करून चौथा गुरुवार कायम केला.

२६/ ताटातही कारखाना शिरला. क्रॅनबेरीचे फळ मूळचे याच किनाऱ्यावरच्या दलदलीतले. १९१२ मध्ये मार्कस युरन या वकिली सोडून बागायतदार झालेल्या गृहस्थाने तिची चटणी डब्यात भरली. डब्याच्या वळ्या अंगावर उमटलेली ती जेली अनेक घरांत आजही तशीच सुरीने कापून वाढतात. घेवड्याच्या शेंगा आणि मशरूमचे डबाबंद सूप यांचे भाजलेले मिश्रण, वर तळलेला कांदा, हा 'आजीच्या हातचा' म्हणून मिरवणारा पदार्थ १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या न्यू जर्सीतील चाचणी-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली हिने तयार केला. परंपरा म्हणून जे जपले जाते, त्याचे वय कधीकधी आपल्या काकांइतकेच असते.

२७/ खुद्द टर्की रांधणे हा मात्र अजूनही कसोटीचा प्रकार. गोठवलेला पक्षी शीतकपाटात वितळायला दर दोन किलोंमागे जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणजे सात किलोंच्या पक्ष्यासाठी रविवारीच सुरुवात हवी. छातीचे मांस लवकर शिजते, मांडीचे उशिरा. एकाची वाट पाहताना दुसरे कोरडे पडते. म्हणून कोणी आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात बुडवतो, कोणी मीठ चोळतो, कोणी कणा काढून पक्षी सपाट उघडून भाजतो. आतले तापमान ७४ अंश सेल्सियसला पोहोचले पाहिजे, आणि पोटात सारण भरले असेल तर त्याचेही. कारण कच्च्या मांसाचा रस त्यातच झिरपतो. टपकलेल्या चरबीत पीठ परतून ग्रेव्ही होते, मान आणि काळीज यांचा रस्सा तिच्यात जातो. १९८१ मध्ये बटरबॉल या टर्की-कंपनीने गोंधळलेल्यांसाठी दूरध्वनी-सेवा उघडली. पहिल्याच हंगामात सहा तज्ज्ञ बायकांनी सुमारे अकरा हजार फोन घेतले. एवढा मोठा पक्षी वर्षातून एकदाच शिजत असेल, तर हात बसणार तरी कधी?

२८/ या ठरीव ताटाशेजारी प्रत्येक घराने आपले काही मांडले. कृष्णवर्णीय घरांत भोपळ्याऐवजी रताळ्याची पाई आणि चीज घातलेली मॅकरोनी, मेक्सिकन घरांत तमाले, इटालियन घरांत टर्कीच्या आधी पास्ता. हेलच्या मेजावर नसलेली माणसे अशी स्वतःच्या भांड्यांसह येऊन बसली.

२९/ ज्यांच्या नावाने कथा सांगितली गेली, त्यांनी काय म्हटले? १९७० मध्ये पिल्ग्रिमांच्या आगमनाला साडेतीनशे वर्षे झाली. मॅसॅच्युसेट्सच्या समारंभात बोलण्यासाठी ॲक्विना वाम्पानोआगांचे वामसुटा फ्रँक जेम्स यांना बोलावले गेले. त्यांनी भाषण लिहून दिले. त्यात कबरी उकरल्याचा, पेवातला मका नेल्याचा आणि आपल्या पूर्वजाने परक्यांना मित्र मानले, ही कदाचित मोठी चूक होती, असा उल्लेख होता. आयोजकांनी ते नाकारून दुसरे भाषण पुढे केले. जेम्स यांनी ते वाचायला नकार दिला. त्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी शेकडो मूलनिवासी जमले. त्यांनी त्या दिवसाला 'राष्ट्रीय शोकदिन' म्हटले.

३०/ तेव्हापासून दरवर्षी त्याच गुरुवारी दुपारी ते टेकडीवर जमतात. अनेकांचा आदल्या संध्याकाळपासून उपवास असतो. सभा संपल्यावर सगळे एकत्र जेवतात. टेकडीवर आज नगरपालिकेने लावलेला फलक आहे आणि त्यावर शोकदिनाचे कारण लिहिले आहे. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील ॲक्विना वाम्पानोआगांचा स्वतःचा सुगीचा दिवस मात्र वेगळा आहे, ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी. त्या दिवशी जमातीची मुले शाळेत जात नाहीत. वडीलधाऱ्यांबरोबर वाळूच्या टेकड्यांमागच्या दलदलीत उतरून ती क्रॅनबेरी वेचतात.